बोटांचं शहाणपण

मुलाने हौसेने घेऊन दिलेली नवी गाडी हे चालवत होते. मी शेजारी, मुलगा मागे. समोरची काच धुरकटली, तसा ह्यांचा डावा हात सवयीने बटण शोधू लागला. जुन्या गाडीत बोटांना सगळं ठाऊक होतं, नजर रस्त्यावरून हलायची नाही. इथे नुसता गुळगुळीत पडदा. बोटांचं शहाणपण पुसून टाकायचं आणि वर त्याला सोय म्हणायचं. ह्यांनी खाली बघितलं, तर पडद्यावर सूचना उमटली: लक्ष रस्त्यावर ठेवा. ती घालवायला पुन्हा खालीच बघावं लागलं. गाडी जराशी बाजूला गेली.

“बाबा, वय झालं आता तुमचं,” मुलगा म्हणाला. “चालवणं सोडा.”

ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि जागा सोडली.

गेल्या महिन्यात जुनी गाडी विकली, तोवर ह्यांचं वय झालं नव्हतं.