काजळ आडवी उभी राहिली

अनुभव म्हटलं की तुम्ही सावरून बसला असाल. आता याच्या स्वप्नात कोणीतरी येणार, सकाळी उशाशी फूल सापडणार, असं वाटलं असेल. तसलं काही नाही. माझ्या अनुभवात एक काळी कुत्री आहे, चाळीसगावचं स्टेशन आहे आणि शेवटी मला बसलेल्या शिव्या आहेत.

मी नकला करणारा माणूस. शाळेत हेडसरांच्या आवाजात अख्ख्या वर्गाला सुट्टी देऊन टाकली होती, तेव्हापासूनचा हा रोग. दर चतुर्थीला पद्मालयाच्या गणपतीला जायचो तो नानांबरोबर, म्हणजे माझ्या मोठ्या काकांबरोबर, आणि येताना मोटरसायकलवर पुजारीबुवांची आरती त्यांच्याच नाकातल्या आवाजात म्हणायचो. नाना हसायचे आणि मागून टपली मारायचे. देव आहे की नाही, याचा मी विचारच केला नव्हता. नकलेला त्याची गरज पडत नाही. मग साखरेच्या आजारानं नानांची नजर गेली. चतुर्थी बंद झाली, ओट्यावर बसणं बंद झालं, बोलणंही जवळपास संपलं. जळगावच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. कोणाचा हात धरून देवाकडे जाणार नाही, एवढंच एकदा म्हणाले.

म्हणून काजळ. धुळ्याच्या एक ताई आंधळ्या माणसांना वाट दाखवायला कुत्री शिकवतात. मी दोन महिने त्यांच्याकडे राबलो. गटार आलं, पायरी आली, की माणसाच्या पुढ्यात आडवं उभं राहायचं, हे काजळला शिकवलेलं. पण ते अजून पक्कं नव्हतं. तीनदा सांगितलं तर दोनदा थांबायची, तिसऱ्यांदा सरळ निघायची. आगगाडीचा प्रवास ही तिची परीक्षा होती. गर्दीत बिथरली तर नानांना देणार नाही, असं ताईंनी स्पष्ट सांगितलेलं. दुसरी तयार व्हायला दीड वर्ष, आणि नाना तेवढे टिकतील असं घरात कोणालाच वाटत नव्हतं.

ताई स्वतः एसटीनं जळगावला पुढे गेल्या, कारण त्या जवळ असल्या की काजळ दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. जाताना बजावून गेल्या, "तिच्याशी तुझ्या स्वतःच्या आवाजात बोल. मस्करी करू नकोस." आता खरं सांगतो. दोन महिने मी काजळला ताईंच्याच आवाजात हुकूम देत होतो. लगेच ऐकायची ना. माझ्या आवाजात मी तिच्याशी फक्त चाळे केलेले.

धुळ्याहून चाळीसगावची गाडी भरलेली. काजळ माझ्या पायाशी शहाण्यासारखी बसून होती. समोर वांग्यांची टोपली घेतलेल्या अक्का होत्या. त्यांनी विचारलं, "हाई कुत्री काय काम करस रे भाऊ?" मी सांगायला लागलो, आणि चार माणसं ऐकायला लागली की मला राहवत नाही. चहावाला झाला, तिकीट तपासणारा झाला. डबा हसत होता. गाडी चाळीसगावला थांबली, माणसं उतरायला लागली, आणि मी जाता जाता ताईंची नक्कल केली. कमरेवर हात ठेवून, अगदी त्यांच्या सुरात म्हणालो, "काजळ, पुढे."

काजळ उठली आणि निघाली. पट्टा मी पायाखाली दाबून ठेवला होता, तो सुटला. मी दारात पोचेपर्यंत ती उतरून फलाट ओलांडत होती, शिकवलं तशी, नाकासमोर. फलाटाच्या पलीकडच्या रुळावरून न थांबणारी मालगाडी येत होती. भोंगा वाजत होता. ताईंच्या आवाजात "थांब" म्हणायला तोंड उघडलं, तर घशातून नुसती हवा आली. मग माझ्या आवाजात हाक मारली. तिनं कान सुद्धा हलवला नाही. तिच्या लेखी तो आवाज चाळ्यांचाच होता. गर्दीत पुढे सरकता येईना. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कोणाचीही नक्कल न करता मी देवाशी बोललो. माझ्याच्यानं होत नाही, म्हटलं. आता तुम्ही बघा. नाना तिकडे भिंतीकडे तोंड करून पडलेत.

फलाटाच्या कडेला एक म्हातारे चाचा होते. कापूस पिंजायची धुनकी खांद्यावर, डोळ्यांवर जाड चष्मा. चाचपडत कडेकडेच चाललेले. काजळ त्यांच्याजवळ पोचली आणि त्यांच्या पुढ्यात आडवी उभी राहिली. ते डावीकडे सरकले, तीही सरकली. मालगाडी दोघांच्या अंगावर वारा सोडत धडधडत गेली. सगळे डबे जाईपर्यंत काजळ हलली नाही.

मी जाऊन पट्टा धरला आणि मनगटाला दोन वेढे दिले. चाचा म्हणाले, "हाई तुन्ही शे का भाऊ? माले पुढे जाऊच देत नही. माले वाटनं, फलाट अजून लांब शे." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वर बघून पुटपुटले. तिनं त्यांना वाचवलं की त्यांनी तिला थांबवलं, मला ठरवता येत नाही. माझा त्यात काही हात नव्हता, एवढं मात्र नक्की. त्यांना त्यांच्या गाडीत बसवलं आणि जळगावपर्यंत मी एकही नक्कल केली नाही. हात जोडले तेही खिडकीकडे बघून, कोणाला दिसू नये म्हणून.

घरी सगळं कबूल केलं. ताईंनी अर्धा तास झोडपलं. तुझ्या हाती गाढव सुद्धा देणार नाही, म्हणाल्या. मग, परीक्षेत ती पास झाली, तू नाही, असं म्हणून काजळचा पट्टा नेऊन नानांच्या हातात दिला. नानांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज चढला. "दुनियाना आवाज तुले येतस. तुन्हा सोताना येस का? गाढवा, ती मरी जाती ना." त्यांचा हात काजळच्या पाठीवर होता. "येती चतुर्थीले पद्मालयले मी आन काजळ पुढे चालसुत. तू मांगे चाल. आन तोंड बंद ठेव."