बाबांच्या पायांची जागा

माझ्या पहिल्या आठवणीतले बाबा अर्धेच आहेत. कमरेपासून वरचे. समोरच्या खोलीत, शेणाने सारवलेल्या जमिनीतून एखादं झाड वर यावं तसे ते जमिनीतून वर आलेले... उघडी पाठ, खांद्यावर पंचा, केसांत कापसाची पांढरी लव, आणि त्यांच्यापुढे ताणलेल्या सुताचा लांबच लांब, थरथरणारा पट्टा. मी रांगत त्यांच्याजवळ गेले असेन, काठावरून खाली डोकावले असेन. कारण त्यानंतरचं चित्र मला तितकंच स्पष्ट दिसतं. खाली गारव्यात, काळोखात दोन पाय होते आणि ते चालत होते. चालत होते, पण कुठेच जात नव्हते.

आम्ही पवनीचे, विणकरांच्या मोहल्ल्यातले. आमच्याकडचा हातमाग जमिनीत बसवलेला असे. मागाखाली कमरेइतका खड्डा, विणणारा काठावर बसून पाय खाली सोडणार, आणि तिथल्या दोन लांब फळ्या एकामागून एक दाबणार. त्या फळ्यांना आम्ही पावड्या म्हणायचो. घर दोन खोल्यांचं. समोरच्या खोलीत माग, मागच्या खोलीत बाकी सगळा संसार. पण खरं सांगायचं तर मागाच्या खोलीत माग नव्हता, मागाभोवती खोली होती. बोळाकडच्या भिंतीत खिडकी होती ती उजेड सुतावर पडावा म्हणून. आणि पाहुणे आले की ते भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसायचे, कारण पाय पसरण्याचा हक्क त्या खोलीत एकट्या बाबांना होता.

उन्हाळ्यात पवनी तापलेल्या तव्यासारखी होते. तेव्हा दुपारी मी त्या खड्ड्यात उतरायची. बाबांच्या पावड्यांपासून जरा दूर, भिंतीला टेकून. तिथे मातीचा ओला वास होता, सुताला लावलेल्या तांदळाच्या खळीचा आंबूस वास होता, आणि बाबांच्या पायांचा घामेजला, ओळखीचा वास. खड्ड्याच्या भिंतीत त्यांनी माझ्यासाठी एक लहानशी देवळी कोरून दिली होती. तीत माझी पाटी, पुढे पुस्तकं, एक तुटकी बाहुली. डोक्यावर धोटा इकडून तिकडे धावायचा, फणी ठोकली जायची — खट, फट... खट, फट — आणि त्या आवाजाच्या छपराखाली मी बाराखडी शिकले. स्वतःची म्हणावी अशी खोली मला त्या घरात तेवढीच मिळाली.

माय मागच्या खोलीत चरख्यावर सुताच्या कांड्या भरत असायची, किंवा चुलीपाशी. तिला माग दिसत नसे, ऐकू येत असे. आवाज मध्येच थांबला की ती तिथूनच हाक द्यायची, "तुटलं का जी?" बाबा सुताची टोकं शोधता शोधता म्हणायचे, "हाव." पुन्हा आवाज सुरू झाला की तिचा हातही पुन्हा चालायचा. दिवसातून कितीदा तरी हे व्हायचं. माझ्या आईवडिलांचं बहुतेक बोलणं या एका प्रश्नोत्तरातच झालं असावं, असं आता वाटतं.

आमच्या घरात लिहिणारी मी पहिलीच. त्यामुळे कोणती गोष्ट लिहिण्याजोगी आणि कोणती घरातच ठेवण्याजोगी, हे सांगणारं कुणी नाही. तरी लिहिते.

दादाचं लग्न ठरायला आलं तेव्हा मी सातवीत होते. मुलीचे मामा घर पाहायला आले. पोहे खाल्ले, चहा घेतला, घरभर नजर फिरवली आणि खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले,

"घर चांगलं हाये जी. पण अर्ध्या खोलीत तं विहीर खंदून ठेवली तुमी! आमची पोरगी झोपन कोठी? तुमच्या पायापाशी?"

"पायापाशी कायले, उशापाशी झोपन," माय पदराआडून म्हणाली. "पोरगी तं द्या आधी!"

सगळे हसले. बाबाही हसले, जरा जास्तच. पाहुणे गेल्यावर ते मागावर बसले, पण माग चालला नाही. मायने नेहमीच्या सवयीने हाक दिली, "तुटलं का जी?" ती हात पुसत बाहेर आली तेव्हा बाबा खिडकीकडे पाहत बसले होते.

"बुजवून टाकू," ते म्हणाले. "पोराचा संसार होऊन राहिला. माणसाले जागा पाह्यजे, मागाले नाई."

विणकामाला तेव्हा तसंही कोणी विचारत नव्हतं. मोहल्ल्यातले आवाज एकेक करून बंद पडत चालले होते. म्हणून कुणी त्यांना अडवलं नाही. मीही नाही. मला नवी वहिनी हवी होती.

मागाचे खांब कपडे वाळत घालायला परसात गेले, तुळया माळ्यावर गेल्या. राहिल्या पावड्या. आमच्यात एक समज आहे — ज्या लाकडावर घरच्या माणसाचा पाय झिजला ते चुलीत घालायचं नाही आणि दुसऱ्याच्या दारी द्यायचं नाही. बाबांनी त्या दोन्ही फळ्या धुतल्या, खंडेनवमीला मागाला लावतात तशी हळद-कुंकवाची बोटं लावली आणि खड्ड्याच्या तळाशी शेजारी शेजारी निजवल्या. सुखदेव मिस्त्री मुरमाचं घमेलं घेऊन काठावर थांबले.

"लाकूड काढा जी खालून. सडन ते, मंग फरशी बसन."

"राहू दे गा."

"मी सांगून राहिलो हो. मंग माह्या नावानं बोंबलसान."

"राहू दे म्हटलं ना."

मुरूम पडला. पहिल्या घमेल्यात पावड्या झाकल्या गेल्या. माझी देवळी बरीच शेवटी. मी पुस्तकं आधीच काढून घेतली होती. बाहुली राहिली की काय, नीट आठवत नाही...

त्या जागेवर पांढरी फरशी आली, भिंतींना गुलाबी रंग आला, आरशाचं कपाट आणि दोघांची खाट आली. वहिनी चांगली होती. मला केसांना लावायला तिचं सुवासिक तेल द्यायची. आम्ही तिघं मागच्या खोलीत सरकलो. तांदळाच्या कोठीआड माझा अभ्यास, चुलीजवळ माय, आणि बाबा ओट्यावर. ते भातगिरणीत पोती उचलायला जाऊ लागले. संध्याकाळी ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे तेव्हा त्यांना पाय कुठे ठेवावेत ते कळत नसे. कधी पोटाशी घ्यायचे, कधी लोंबकळते सोडायचे. शेवटी उठून ओट्याच्या कडेला बसायचे, पाय खाली नालीवर सोडून. येणारेजाणारे म्हणत, "काहून जी, खुर्ची पोरगं बसाले आणते अना तुमी खाली?" बाबा म्हणत, "बरं वाटते."

आणि फरशी बसली. दोन पावसाळ्यांनी तिथे बशीएवढा खोलगटपणा आला, मग परातीएवढा. खाट डुगडुगायची, वहिनी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायची. माझा भाचा चालायला लागला तेव्हा त्याचा चेंडू कुठूनही सोडला तरी घरंगळत त्याच जागी जाऊन थांबायचा. तो टाळ्या पिटायचा. बाबा दारातून पाहायचे, पण आत येत नसत. सुनेची खोली होती ती.

मग भाच्याची शाळा आली, दादाची बुटीबोरीची नोकरी आली, आणि ज्यांच्यासाठी जागा केली होती ते ती जागा सोडून गेले. दादा तिथे दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या एका खोलीत राहतो. मी नागपूरला वसतिगृहात आले. मला जन्मात पहिल्यांदा स्वतःचं कपाट मिळालं, आणि त्यात ठेवायला माझ्याकडे फारसं काही नव्हतं. घरी दोन खोल्या आणि दोन माणसं. जेव्हा जागा हवी होती तेव्हा घर पुरलं नाही, आता उरलं. तरीही माय आणि बाबा मागच्याच खोलीत झोपत राहिले. सवय, दुसरं काय!

मागच्या हिवाळ्यात बाबांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला — हाव. भूक लागली का? हाव. दुखते का? हाव. नको असलं तरी हाव, मग डावा हात हलवायचा.

आमचा संडास परसाच्या टोकाला, तीन पायऱ्या उतरून. माय त्यांना पाठीवर घेऊन न्यायची. एकदा दोघंही पायऱ्यांवर पडली. दादा धावत आला. डोळे पुसत म्हणाला,

"चाला माह्याकडे. हे विकून टाकू. कायले राहता दोघंच एवढ्या घरात?"

"तुह्या जिन्यानं तुह्या बाबाले कोण चढवन?" माय म्हणाली. "अना एका खोलीत आमी झोपाव कोठी? तुमच्या पायापाशी?"

कुणीच हसलं नाही. मामांचं ते वाक्य तिने इतकी वर्षं सांभाळून ठेवलं असेल, हे मला माहीत नव्हतं.

तर बाबा आपल्या घरात राहतात की जातात, हे आता एका कमोडवर येऊन थांबलं. तो घरातच बसला तर ते राहणार. सुखदेव मिस्त्री आले, आता म्हातारे झालेले. दोन्ही खोल्यांतून फिरले आणि म्हणाले, पाइप बोळातूनच मागे नेता येईल, तेव्हा जागा एकच — खिडकीखाली. फरशी बसली आहे तिथे.

मी सुट्टीत घरीच होते. बाबांना खाटेवर टेकून बसवलं होतं. फरशी उचकटली, मुरूम निघाला, आणि तोच जुना वास वर आला, मातीचा, किंचित आंबूस. मिस्त्रींची कुदळ लाकडावर बसली. एक पावडी उधईने खाल्लेली, हातात घेताच भुगा झाली. दुसरी मात्र धड होती. काळी पडलेली, जड. एका टोकाला अंगठ्याने आणि टाचेने पाडलेले खळगे तसेच होते. मिस्त्री "मी सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत. त्यांनी ती पंच्याने पुसली आणि बाबांपुढे धरली. बाबांनी डाव्या हाताने तिच्यावरून हात फिरवला... हळू, गुरावरून फिरवावा तसा.

पाइपला उतार हवा म्हणून कमोडसाठी ओटा उंच करावा लागला. भोवती आडोसा म्हणून मायचं जुनं लुगडं. बाबा बुटके; बसले की पाय अधांतरी राहतात, उजवा तर नुसता लोंबतो, आणि तोल जातो. पायांखाली काहीतरी हवं होतं. माय पावडी घेऊन पडद्याशी उभी राहिली. ती आत नेण्याचं तिला धाडस होईना.

"संडासात ठेवू का जी हे?"

बाबांनी पावडीकडे पाहिलं. "हाव," ते म्हणाले. डावा हात हलला नाही.

तेव्हापासून ती तिथेच आहे. मी घरी जाते तेव्हा पाहते. बाबा बसल्यावर डाव्या हाताने उजवा पाय उचलतात आणि त्या खळग्यात ठेवतात. पाय बरोबर बसतो. दाबत नाही.

परवाचीच गोष्ट. सकाळ होती, खिडकीतून तोच जुना उजेड, आता सुतावर नव्हे, पडद्यावर पडला होता. माय मागच्या खोलीत तांदूळ निवडत होती. आत बराच वेळ सामसूम होती. तिने सुपातून मान वर न करता हाक दिली,

"तुटलं का जी?"

आणि मग तिचा हात सुपावर थांबला.

"हाव," बाबा आतून म्हणाले.