सात नंबरचं पाकीट

सातव्या पाकिटाला चाळीस मिनिटं झाली तरी पाकळी पडेना. माझ्या पॅडवर तक्ता होता: नंबर, वेळ, बाजू, शेरा. सातसमोर फक्त सुरुवातीची वेळ लिहिलेली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पनवेलजवळच्या एका औषध कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोल बघत होते. आमचा बॉयलर अटेंडंट नामदेव रोडपालीकडचा, गावदेवीचा पिढीजात पुजारी. देवळात तो कौल लावायचा. पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि देवीला विचारायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

त्याच्या बायकोच्या, यशोदाच्या, पोटात गाठ होती. ऑपरेशन मंगळवारी ठरलेलं. आणखी थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशन करू का, असा नामदेवने दोनदा कौल लावला. दोन्ही वेळा डावी पडली. शुक्रवारी तो लॅबमध्ये आला.

"मॅडम, तुमी औषध तपासता. मना कौल तपासून द्या."

"तुमचा विश्वास नाही का?"

"हाय. पन मना वाटतं म्हणून ता खरा कसा? पाकळी पडताना छातीत धडधडतं. मी म्हणतो, आई बोलली. पन भीतीनं पन तसंच धडधडतं. फरक कलत नाय."

हे मला पटलं. आमच्या धंद्यात यासाठीच ब्लाइंड टेस्ट करतात. म्हणजे सॅम्पलमध्ये काय आहे हे तपासणाऱ्याला माहीत नसतं, त्यामुळे त्याची इच्छा रिझल्टमध्ये घुसत नाही. माझा असिस्टंट पाटणकर याने दहा पाकिटं भरली. कुठल्यात पांढरी गोळी, कुठल्यात पिवळी. गोळी हाताला लागू नये म्हणून सगळ्यांत कापूस. यादी त्याच्या ड्रॉवरमध्ये, कुलूप लावून. दर पाकिटाला देवीला एकच विचारायचं: आत पिवळी आहे का?

निकालाचा अर्थ आधी ठरवला. दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर आली तर कौल खरा, ऑपरेशन पुढे ढकलायचं. नुसत्या नशिबाने नऊ येण्याची शक्यता शंभरात एक. त्याहून कमी आली तर मंगळवारी हॉस्पिटल. नामदेवने खाली सही केली.

मॅनेजरांच्या कानावर गेलंच. "देवीचं सॅम्पल कुठल्या रजिस्टरला घेणार?"

"कुठल्याच नाही, सर. सुट्टीच्या दिवशी करतेय."

"आणि नऊ आली तर? त्या बाईला घरी बसवणार?"



रविवारी सकाळी देवळात आम्ही तिघंच. यशोदा पोट धरून पायरीवर बसली होती. "आईला पन परीक्षेला बसवलीत का बाय? कॉपी करू देऊ नका तिला."

पहिली सहा पाकिटं सुरळीत गेली. पाकळी पडायला तीन ते बारा मिनिटं. मग सात.

वीस मिनिटांनी पाणी सुकलं. तीस मिनिटांनी पाकळ्यांच्या कडा वळल्या. न्हावा शेवाकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांची घरघर सकाळपासून येत होती. ती कधी थांबली हे माझ्या लक्षात आलं नाही. दारातून वारा आला, समई विझली. पाकळ्या हलल्या नाहीत. यशोदाने विचारलं, "आत हाय काय त्यात?" माझ्या अंगावर काटा आला. काट्यासाठी तक्त्यात कॉलम नव्हता.

पंचेचाळीस मिनिटांनी मी थांबवलं. शेरा: निकाल नाही. नामदेवला त्या दोन पाकळ्या नखाने खरवडून काढाव्या लागल्या. आठव्याला ताज्या लावल्या. चार मिनिटांत डावी पडली. नऊ आणि दहाही तशाच झटपट.

सोमवारी नामदेवसमोर ड्रॉवर उघडला. पाटणकर यादी वाचत गेला, मी तक्त्यावर खुणा करत गेले. चार बरोबर, पाच चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

"आणि सात?" नामदेवने विचारलं.

"सात रिकामं होतं," पाटणकर म्हणाला. "नुसता कापूस. मॅडम, आपण प्रत्येक बॅचमध्ये एक ब्लँक टाकतोच ना, सवयीने टाकला."

ब्लँक म्हणजे काहीच नसलेलं सॅम्पल. तपासणी नसलेल्या गोष्टी दाखवत नाही ना, हे त्यावरून कळतं.

"देवी पाच वेळा चुकली, नामदेव," मी म्हटलं.

"ती कुठं चुकली? पाकळी पडली. पानी सुकलं का ती पडतेच. सातला सुकली तरी नाय पडली. ती आई." तो सावकाश बोलत होता. "म्हणजे यशोदाच्या टायमाला पडली ता नुसतं पानी. इतकी वर्षं पान्याला आई म्हणत होतो मी." त्याने टोपी घातली. "उद्या हॉस्पिटलला जातो."

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली. दोन महिन्यांनी यशोदा डोक्यावर हंडा घेऊन चालताना दिसली.

त्या सोमवारी नामदेव निघाला तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की एका ब्लँकवरून काहीच सिद्ध होत नाही. तो लगेच म्हणाला, "मग धाच्या धा रिकामी आणा. मी लावतो."

एकदा आलेला रिझल्ट म्हणजे रिझल्ट नव्हे, हे मी तीस वर्षं ज्युनिअर लोकांना शिकवलं. पाकिटं मी त्याच आठवड्यात भरली, कापूस घालून, नंबर टाकून. देवळात कधी नेली नाहीत. रिटायर झाले तेव्हा लॅबमधून घरी आणली. माझ्या बाकी सगळ्या कामांवर टिक आहे. हे एकच काम मी दर जानेवारीत नव्या डायरीत उतरवून घेते.