मामाच्या घरचा पहिला घास

या वयात लेखणी हाती धरण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवले. दुसऱ्यांची विधाने तपासणे हे माझे काम; स्वतःचे विधान करण्याची वेळ आली की मी आजवर गप्पच बसत आले. ज्या एका प्रसंगी बसले नाही, त्याविषयी लिहिते आहे, आणि तेही तो प्रसंग मला अजून नीट उलगडलेला नाही म्हणून.

आम्ही उभयता शारजात मुलाकडे राहतो. यजमान निवृत्त बालरोगतज्ज्ञ आहेत. सून टोगोची, घाना आणि बेनिन यांच्यामध्ये अंग चोरून बसल्यासारखा तो चिमुकला देश. मुलाची आणि तिची ओळख दुबईतल्या रास अल खोरच्या एका गोदामाच्या ऑफिसात झाली. नातू दिवस भरण्याआधीच जन्मला आणि पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत होता. उभ्या आयुष्यात ज्यांनी अशी कितीतरी बाळे निर्धास्तपणे हाताळली, ते यजमान त्या पेटीला हात लावायला धजत नसत. त्यांच्या पुढच्या वागण्यामागे हट्ट थोडा आणि ही भीती पुष्कळ होती, हे आताच सांगून टाकते.

सहा महिने उलटल्यावर उष्टावणाचा विषय निघाला. आमच्यात पहिला घास मामा भरवतो, सोन्याच्या अंगठीने चाटवतो, असे मी सुनेला मोठ्या हौसेने सांगितले. तिला ते इतके भावले की तिने लगेच आपल्या भावाला कळवले. त्याला स्वतःला येणे जमण्यासारखे नव्हते. त्याने आईला पाठवले.

विहीणबाईंना फ्रेंच आणि एवे या दोनच भाषा येत, मला त्यांतली एकही नाही. त्यांच्या सामानातून कापडात गुंडाळलेली एक बाटली निघाली. आत लाल पामतेल होते. एसीच्या गारव्याने त्याचे दोन थर झाले होते: वर माणकासारखे पारदर्शक, खाली केशरी आणि रवाळ, कढवलेल्या तुपासारखे. त्या रोज त्यातले थोडे वापरीत. उकडलेल्या चवळीवर ते कच्चेच ओतीत, जसे आपण पिठल्यावर तेल घेतो, आणि वर कसाव्याचा भाजलेला रवा पेरीत. साबुदाणाही त्याच कंदाचा होतो, हे मला सुनेने सांगितले. मी चव घेतली. वास गाजरासारखा, चव किंचित उग्र. वाईट नव्हती. यजमानांनी ताट सरकवले.

"पामतेल! रेशनच्या लायनीत उभं राहून आणायचो आपण. पुऱ्या गार झाल्या की टाळूला मेण लागल्यासारखं व्हायचं. आठवतंय ना?"

आठवत होते. पण ते फिकट, निर्गंध तेल आणि हे तेल यांत मला काहीच साम्य दिसत नव्हते. मी त्यांचे ताट उचलून ठेवले.

उष्टावणाच्या सकाळी मी तांदळाची खीर करून ठेवली. रोल्लाच्या बाजारातून आणलेली चांदीची वाटी घासून चौरंगापाशी मांडली. विहीणबाई स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाची पातळ पेज ढवळीत होत्या. ती त्यांची न्याहारी असेल, असे मी समजले. त्यांनी पेजेत चमचाभर लाल तेल घातले, पेज पिवळीधमक झाली, आणि त्यांनी ती सरळ चांदीच्या वाटीत ओतली.

यजमान दारातच उभे होते. "हे कुणासाठी?"

"बेबीसाठी," सून माझ्याकडे बघत म्हणाली. "आईंनी सांगितलं होतं ना? फर्स्ट बाइट मामाचा."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. आमच्या डोक्यात मामा म्हणजे हात. वाटीत काय असेल हे आमचे आम्ही ठरवून टाकलेले. सुनेच्या माहेरच्यांना असा फरक सुचलाच नव्हता. घास मामाचा, तर अन्नही मामाच्या घरचे. दुसऱ्याची खीर आपल्या हाताने भरवण्यात देणे ते कोणते? म्हणून मामाने भाच्यासाठी स्वतः झाडावर चढून फळांचे घड उतरवले होते, आणि घरच्या बायकांनी ती फळे उकडून, कांडून हे तेल काढले होते, असे सुनेने मला मागाहून सांगितले.

"एक थेंब जाणार नाही त्याच्या पोटात," यजमान म्हणाले. "लेबल नाही, सील नाही. गावठी तेल. हे मूल कसं वाचलंय, माहितीये ना सगळ्यांना?"

"बाबा, कॉल लाइव्ह आहे," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. इथे नेहमीच्या ॲपवरून व्हिडिओ कॉल लागत नाहीत, म्हणून त्याने ऑफिसच्या मीटिंगचे ॲप लावून फोन तांब्याला टेकवला होता. पडद्यावर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला मामा बसला होता. त्याला मराठी कळत नव्हते. पण त्याचे हसू हळूहळू मावळत गेलेले मी पाहिले.

"बाबा, ये वो रेशनवाला नहीं है," सून म्हणाली. "मी हेच खाऊन मोठी झाली. माझे सगळे भाऊ-बहीण पण. आणि तुम्ही तूप खाता ना? ते पण असंच जमतं."

"तूप वेगळं."

"कसं वेगळं?"

"तूप म्हणजे तूप!"

एरवी या उत्तरावर आम्ही सगळे हसलो असतो. त्या दिवशी कोणी हसले नाही. सुनेने बाळाला कडेवर घेतले. "ठीक आहे. खलास. मग खीरपण नको. आईची फ्लाइट उद्याची आहे, मी पण जाते तिच्याबरोबर." मुलगा काही बोलायला गेला, तर तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

विहीणबाई वाटी धरून तशाच उभ्या होत्या. कोणी काही सांगितले नव्हते, तरी त्यांना सारे कळले होते. त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली आणि पदराला पुसावे तसे हात कमरेच्या कापडाला पुसले.

माझ्या बोटातली अंगठी कधी निघाली, मला सांगता येणार नाही. एवढे आठवते की मी विहीणबाईंना चौरंगापाशी बसवले, बाळ सुनेच्या कडेवरून घेऊन त्यांच्या मांडीवर दिले आणि अंगठी त्यांच्या हातात ठेवली.

"अगं, काय करतेस?" यजमान म्हणाले.

"पहिला घास त्यांचा आहे. माझ्या सांगण्यावरूनच आल्यात त्या."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग यजमानांकडे. अंगठी पेजेत बुडवून बाळाच्या ओठांना लावली. त्याने तोंड वाकडे केले, मग जीभ फिरवली. तांब्यापाशी, पडद्यावर, मामाने टाळ्या वाजवल्या. यजमान बाल्कनीत निघून गेले आणि काचेचे दार त्यांनी ओढून घेतले. खीर मग मुलाने चाटवली.

दुपारी बाळाने सगळे ओकून टाकले. पेज की खीर, हे कळायला मार्ग नव्हता. अंग कोमट लागत होते. यजमान आत आले, त्याला पलंगावर निजवले, पोट चाचपले, डोळे पाहिले, बोटाचे नख दाबून रंग परततो का ते पाहिले. विहीणबाई भिंतीपाशी जमिनीवर बसून पुटपुटत होत्या. सुनेने ते आम्हाला भाषांतर करून सांगितले नाही. मी उभी होते. बाळाला काही झाले तर या घरात मला कोणत्या तोंडाने राहता येईल, एवढाच विचार मनात घोळत होता. शेवटी यजमान म्हणाले, "दूध पाजून बघा." त्याने दूध घेतले, आणि ते टिकले. तिसऱ्या प्रहरी अस्राची अजान झाली तेव्हा तो पाय उडवीत खेळत होता.

सून गेली नाही. विहीणबाई दुसऱ्या दिवशी परतल्या; विमानतळावर यजमानांनी त्यांची बॅग स्वतः उचलली, त्यांनीही ती उचलू दिली. त्या दोघांत जे काही मिटले असेल, ते तिथेच मिटले.

आमच्या दोघांत मात्र नाही. घरी आल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, "एवढा निर्णय तू कुणाला विचारून घेतलास?" ते चिडलेले नव्हते, म्हणूनच तो प्रश्न अजून माझ्या मनात राहिला आहे. खरोखरच मी कुणालाही विचारले नव्हते. वाचकहो, मी कुणाला विचारायला हवे होते?