सान्वीच्या उंचीचा ओटा

कोपरीचे दौलतदादा मूळचे सुतार. वडिलांनी हातात दिलेला रंधा माजिवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये सुटला आणि ते अॅक्रिलिकचे ओटे करू लागले. हे शीट लाकडासारखं कापता येतं, तापवलं की वळतं, आणि जोड घासला की दोन तुकड्यांमधली रेघही दिसत नाही. "लाकडाचा रुसवा तेवढा यात नाही," असं ते म्हणतात.

डोंबिवलीच्या संचिताला ते भेटले शेजारच्या हेमांगीमुळे. संचिताची सोळा वर्षांची मुलगी सान्वी व्हीलचेअरवर असते. आई कामावरून येईपर्यंत आपला चहा आपण करायचा, हा तिचा हट्ट. त्यासाठी बुटका, खालून मोकळा ओटा हवा होता. उकळत्या चहाची संचिताला धास्ती वाटे. तरी तिने हो म्हटलं.

ओटा बसला. पांढरा, गोल कडांचा. दौलतदादा सान्वीला म्हणाले, "आता एकटी ये बघू."

"एकटी कशी येऊ, काका? माझी चाकं दाराबाहेर आहेत."

रस्त्यावरून आलेली चाकं स्वयंपाकघरात आणायची नाहीत, तिथे देव आहेत, ही त्या घरची रीत. घरात सान्वी प्लास्टिकच्या खुर्चीत बसे, आणि माप संचिताने त्याच खुर्चीवर दिलं होतं. आता तिनेच चाकं ओल्या फडक्याने पुसली आणि व्हीलचेअर आत घेतली. व्हीलचेअरचे हात ओट्याच्या कडेला अडले.

"तुमचा ओटा मला आत घेत नाही."

"नवा आहे ना. शिकेल."

"सगळा काढावा लागेल का हो?" संचिताने विचारलं. "चुकीचं माप मी दिलं."

"दिलं तुम्ही, घेतलं मी. अर्धी चूक माझ्या नावावर टाका, ताई."

सान्वीला जागेवरच बसवून त्यांनी ओट्यावर व्हीलचेअरच्या मापाचा अर्धगोल पेन्सिलने काढला. देव्हाऱ्यावर ओली चादर टाकून तेवढा भाग कापला. वर्कशॉपमध्ये एक पट्टी तापवून त्याच गोलाईत वळवून आणली, चिकटवली आणि घासत बसले. संचिताने बोट फिरवून जोड शोधला. सापडला नाही. सान्वी सरळ आत गेली. आता ओटा तिच्या दोन्ही बाजूंना होता, कोपरं टेकायलासुद्धा जागा होती.

पहिल्या चहाला संचिता आत निघाली, तेव्हा दौलतदादा म्हणाले, "ताई, आपण बाहेर थांबू." दोघं जिन्यात उभी राहिली. आत भांडं वाजलं. संचिताने कठडा घट्ट धरला.

"झालाय," आतून हाक आली. "पण मी आणून देणार नाही. इथे येऊन घ्या."

चहा अति गोड झाला होता. बिनसाखरेचा पिणाऱ्या दौलतदादांनी तो सगळा संपवला. संचिताला त्यांचे आभार मानायचे होते. मग तिने सान्वीला सांगितलं, "काकांना अजून अर्धा दे."