मांडवाचं छप्पर

छपराच्या कामात सुतारआजोबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आपल्या छपरातून थेंब गळला तर मिशी उतरवीन, असं ते म्हणायचे, आणि मिशी अजून जागेवर होती.

सुक्कोतच्या सणाला अंगणात मांडव घालायचं काम अर्थात त्यांचंच. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले ज्यू पूर्वज वाळवंटात झोपड्यांत राहिले, त्याची आठवण म्हणून या सणात तोडलेल्या फांद्यांच्या छपराखाली जेवायचं. आजोबांनी मांडव घालायचा आणि आजींनी पोरांना गोष्ट सांगायची, ही वाटणी ठरलेली. गोष्ट चालू असताना आजोबांचं लक्ष एखादा खांब हलतोय का याच्याकडे. यंदा उन्हाळ्यात आजी गेल्या.

"बाबा, या वर्षी राहू द्या," लेक म्हणाली. पण राहू कसं देणार? पोरं लहान. आजींबरोबर सणही घरातून जाईल, ही धास्ती आजोबांच्या जिवाला लागली होती. त्यांनी करवत काढली.

दुपारभर खपून मांडव उभा राहिला. नातवंडांना आत बसवून आजोबांनी घसा खाकरला. "आपले पूर्वज वाळवंटात चालत होते," ते म्हणाले, आणि पुढं गाडी हलेना.

"आत अंधार आहे," धाकटा नातू म्हणाला.

त्याची बहीण वर बघत होती. "आजोबा, फटी कुठायत? रात्री तारे दिसले पाहिजेत ना?"

"इतकी वर्षं असंच घालतोय मी छप्पर," आजोबा तडकले. "आजी होती तेव्हा दिसायचे की नाही तारे?"

लेकीनं मान खाली घातली.

"तुम्ही आंघोळीला गेलात की आजी झाडूच्या दांड्यानं फांद्या सरकवायची," नात म्हणाली. "मी स्टूल धरायचे. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

 शेजारी मांडवाचं कौतुक करायचे, आजोबा मिशीवरून हात फिरवायचे, आणि बाईनं कधी ब्र म्हणून काढला नाही. राग यायला हवा होता. पण आला नाही.

"जा, झाडू आण," ते म्हणाले. सण लागल्यावर छपराला हात लावायचा नसतो, सूर्य मावळायच्या आत उरकायला हवं होतं. त्यांनी नातीला खांद्यावर घेतलं. "आधी कुठं सरकवायची?"

"तुमच्या खुर्चीच्या वर."

"तिथंच का?"

"आजी म्हणायची, वाळवंटातली माणसं वर बघायची, कारण त्यांना देवाशिवाय कुणी नव्हतं. तुझे आजोबा वर बघतात ते फक्त गळतंय का पाहायला."

धाकटा खुदकन हसला. आजोबांनाही हसू आलं, पण ते टिकलं नाही.

अंधार पडल्यावर सगळे मांडवात जेवायला बसले. पोरांनी पुन्हा गोष्ट मागितली.

"आपले पूर्वज वाळवंटात चालत होते," आजोबांनी सुरुवात केली आणि वर बघितलं. फटीत एक तारा होता. "आणि त्यांच्या डोक्यावर पक्कं छप्पर नव्हतं." एवढं बोलून त्यांनी नातीकडे बघितलं.

पुढची गोष्ट नातीनं सांगितली. आजोबांनी ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकली.