बाजेची कूस

ठाण्याच्या कोपरीत कुणाच्या घरी गंगुबाई सुईण आली, की घरातल्यांच्या आधी शेजाऱ्यांना कळायचं. उंबऱ्यातूनच ती ओरडायची, "काय गो, बाळ रडतंय की बाळाचा बापूस?" आणि स्वतःच हसायची. ठेंगणी बाई, मनगटं रुंद, गालात पान. नखं मात्र कायम मुळापर्यंत कापलेली. आमच्या दोन्ही मुलांचं पहिलं न्हाणं तिच्याच पायांवर झालं, म्हणून मला ती जवळून पाहता आली. तान्हं मूल हातात आलं की तिची बडबड एकदम थांबायची.

तिची एक सवय होती. बाळाला निजवायची जागा ती बाळंतिणीशिवाय कधी बांधत नसे. "आधी तू नीज, मग मी बांधते," असं म्हणून ती बाळंतिणीला बाजेवर आडवं करायची आणि मगच दोरीला हात लावायची. बायका हसायच्या, पण ऐकायच्या. ही सवय तिला लागली ती मारुतीच्या घरी, एका दुपारी.

ठाण्यात आगगाडी येऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. मारुती मिठागरात कामाला जाई. घरात त्याची आई गोदूबाई आणि बायको कलावती. कलावतीला माहेर उरलं नव्हतं, त्यामुळे बाळंतपणं सासरीच. पहिली मुलगी बारशाआधीच गेली. सकाळी सासू उठवायला आली, तेव्हा मुलगी आईच्या दंडाखाली निपचित पडलेली होती. गोदूबाई वाईट नव्हती, पण त्या सकाळी तिच्या तोंडून जे निघालं ते पुन्हा आत गेलं नाही. "आईच्या अंगाखाली गेली पोर," असं ती विहिरीवरही बोलली. दोन वर्षं कलावती खाली मान घालून पाणी भरत होती.

आता मुलगा झाला होता, आणि कलावती झोपायला तयार नव्हती.

"डोळे बघ हिचे," गंगुबाई बाळाला तेल लावता लावता त्यालाच म्हणाली. "पेटलेत नुसते. ए पोरी, झोपतेस की नाय?"

"बसून असते," कलावती म्हणाली. "त्याला मांडीवर घेऊन."

"आणि बसल्या बसल्या डुलकी लागली, तर मांडीवरून कुठं जाईल तो?"

कलावतीने बाळाच्या तळव्यावर आपलं बोट टेकवून ठेवलं होतं.

गंगुबाईने गोदूबाईला ओसरीवर गाठलं. "ह्याला पाळण्यात घाला."

"भलतंच!" गोदूबाई म्हणाली. "बारशाआधी पाळणा? आमच्यात चालत नाही. आणि त्या पोरीनंतर तर मी काहीच मोडणार नाही बाई. तोवर मूल आईच्याच बाजेवर."

"आईच्याच बाजेवर ना? बरं."

गंगुबाईचा नवरा दगडू काथ्याच्या बाजा विणायचा. कानाने अधू, त्यामुळे गंगुबाईचा सगळा संसार ओरडण्यात गेला, असं ती सांगायची. दुसऱ्या दिवशी दगडू डोक्यावर एक लहानशी बाज घेऊन हजर झाला. हातभर रुंद, चार पाय, तीन बाजूंना बांबूचा कठडा, चौथी बाजू उघडी. आत काथ्याऐवजी सपाट फळी, वर एकच घट्ट दुमडलेलं सुती पांघरूण. ती उघडी बाजू मोठ्या बाजेला चिकटवायची. मूल आपल्या जागी, आई आपल्या, आणि मधल्या लाकडावरून हात टाकायला वाट.

गोदूबाईने ते पाहिलं. "हा पाळणाच की!"

"पाळणा टांगतात," गंगुबाई म्हणाली. "हे टांगलंय कुठं? हलतंय का? हलवून बघा. ही बाजेचीच कूस. कुशीत निजवू नका, असं कुणी सांगितलंय तुमच्यात?"

गोदूबाई त्या शब्दापाशी अडली. कुशीला नाही कशी म्हणणार? "बांधा," ती शेवटी म्हणाली. "पण बारशाला माळ्यावर टाकायची."

कलावती न्हाणीत होती. ती येईपर्यंत काम उरकावं म्हणून गंगुबाई आणि दगडूने कूस रिकाम्या बाजेला घट्ट बांधली. दोन्हीकडची लाकडं एका उंचीला, मध्ये फट नाही. न्हाऊन आलेल्या कलावतीला गंगुबाईने पाठीवर निजवलं, बाळाला कुशीत ठेवलं आणि तिचा हात उचलून त्याच्या पोटावर टेकवला.

"तो तिकडं, तू इकडं. मध्ये लाकूड आहे. आता झोपेत वळलीस तरी त्याच्यापर्यंत पोचायची नाहीस."

"नक्की?"

"मी बांधलंय ते."

कलावतीने डोळे मिटले. पाच दिवसांत पहिल्यांदाच. घरात त्या दिवशी पाचवीच्या पूजेची तयारी चाललेली. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. गंगुबाई पावलं न वाजवता बाहेर पडली.

रूळ ओलांडून ती चेंदणीला गेली. तिथेही एक बाळंतीण होती. तेलाची वाटी बाजेवर काठापाशी ठेवून गंगुबाई पदर खोचत होती, तेवढ्यात ती बाळंतीण बाजेवर बसली. काथ्या कुरकुरला, बाज मध्ये दबली, आणि वाटी कलंडून तेलासकट बाईच्या मांडीकडे घसरत गेली.

"अगं बाई, तेल!" बाळंतीण म्हणाली.

गंगुबाई वाटीकडे बघत उभी राहिली. मारुतीच्या घरची बाज बाळंतपणासाठी नव्या काथ्याने विणलेली होती, दगडूनेच. नवा काथ्या अंगाच्या भाराने सैल पडतो, खाली शेगडीची धग असली तर आणखी. बाजेची लाकडं आत ओढली जातात. आणि कूस तर तिने रिकाम्या बाजेला बांधली होती.

"तूच न्हाऊ घाल गो आज," ती बाळंतिणीच्या आईला म्हणाली आणि पान थुंकून पळत सुटली.

रुळांवर मालगाडी उभी होती, न संपणारी. गंगुबाई गाडीच्या शेपटाकडे धावली. खडीवरून तिच्या वहाणा निसटल्या, त्या तिने तिथेच टाकल्या. एका ओळखीच्या बाईने विचारलं, "कुणाकडे नडलंय, गंगुबाई?" तिने उत्तर दिलं नाही. ती न बोलता धावत गेली, एवढंच ऐकून मारुतीच्या, म्हणजे आमच्याच आळीत दोघी-तिघी दारात आल्या. गंगुबाई बोलली नाही म्हणजे काहीतरी वाईट, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मारुतीच्या दारात गोदूबाई पूजेसाठी पाटा-वरवंटा धूत होती.

"अहो, हळू! आत्ता कुठे झोपलीय ती. मघाशी बघितलं, कूस नि बाजेमध्ये फट पडली होती. बाळ पडेल म्हणून मी जुनं लुगडं गुंडाळून गच्च भरलंय."

गंगुबाई तिला ओलांडून आत गेली.

खोलीत धूर आणि अंधार. बाज मध्ये दबून तिचं लाकूड आत झुकलं होतं. दोरीने बांधलेली कूस त्याच्याबरोबर एका अंगाला ओढली गेली होती, आणि फळी उतरती झाली होती. बाळ त्या उतारावरून घसरलं होतं. नाक, तोंड सगळं त्या मऊ लुगड्यात. कलावती गाढ झोपलेली, तोंड भिंतीकडे.

गंगुबाईने बाळ उचललं. ओठ निळसर. हातपाय लोंबते. तिने त्याला पालथं घेतलं, पाठ चोळली, पुन्हा उताणं केलं, तोंडात बोट घालून जीभ पुढे केली. तळव्यांवर टिचक्या मारल्या. गोदूबाई दारात ओल्या हातांनी उभी होती. बाहेर पाट्यावरून निथळणारं पाणी ऐकू येत होतं.

"रड," गंगुबाई म्हणाली. "रड रे राजा."

बाळाने एक उचकी दिली. मग काहीच नाही. मग दुसरी. आणि मग बारीक, चिरका, रागावलेला आवाज.

कलावती ताडकन उठली. तिने रिकामी कूस पाहिली, सुईणीच्या हातातलं बाळ पाहिलं, सासूचा चेहरा पाहिला. तिने आपला उजवा दंड डाव्या हाताने धरला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"मी केलं?" ती म्हणाली. "पुन्हा?"

गोदूबाईकडे बघत गंगुबाई मोठ्याने म्हणाली, म्हणजे बाहेर जमलेल्यांनाही ऐकू जावं, "तू भिंतीकडं तोंड करून झोपलेली होतीस. तुझं बोटही लागलेलं नाय त्याला. चुकले मी. रिकाम्या बाजेला गाठ मारली. बाज निजणाऱ्याच्या भाराने बसते, हे दगडूच्या बायकोला कळायला हवं होतं."

"आणि लुगडं मी भरलं," गोदूबाई म्हणाली. ती खाली बसली. मग तिने लुगड्याची ती गुंडाळी उचलली आणि छातीशी धरून ठेवली. "त्या पोरीच्या वेळीसुद्धा... मी उशाला केवढी गोधडी ठेवली होती. मऊ असावं म्हणून. ती तोंडावर आली असेल, नाही गं?"

कलावतीने दंडावरचा हात काढला.

गंगुबाईने शेगडी बाजेखालून काढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि खिडकी उघडली. मग गाठी सोडल्या. कलावतीला आडवं केलं, बाज पुरती दबू दिली, दगडूला बोलावून कुशीचे पाय दबलेल्या बाजेच्या उंचीला कापून घेतले आणि मगच लाकूड लाकडाला टेकवलं. आता दोर पाय पायाला जखडत होता, वरचं लाकूड ओढत नव्हता. सांध्यात तिने करंगळी घालून पाहिली. शिरली नाही. फळीवर पाण्याचा थेंब टाकला. तो जागच्या जागी राहिला. उशी नाही, गोधडी नाही, मऊ काही नाही.

"रोज सकाळी करंगळी घालून बघायची," तिने गोदूबाईला सांगितलं. "गेली की मला हाक."

पण कलावती पुन्हा झोपेना. बाळ पिऊन निजलं तरी ती छताकडे बघत राहिली. तेव्हा गोदूबाई पाट घेऊन कुशीच्या कठड्याशी येऊन बसली. पाचवीची पूजा शेजारणीवर सोपवून. मिठागरातून मारुती आला, तेव्हा त्याला ती तिथेच दिसली, एक हात नातवापाशी, दुसरा सुनेच्या केसांत.

"नीज गं," ती म्हणत होती. "आधी तू नीज. मी आहे."

बारसं झालं, बाळ पाळण्यात गेलं, पण कूस माळ्यावर गेली नाही. पाळणा दिवसा, कूस रात्री, असं गोदूबाईनेच ठरवलं. पुढे ती कूस कोपरीतल्या किती घरी फिरली, ते मला सांगता येणार नाही. आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या कापलेल्या पायांवर दगडूच्या करवतीच्या खुणा होत्या, आणि गंगुबाईने आधी माझ्या बायकोला आडवं केलं होतं.